हरणांच्या आठवड्यातली गाडी

ऑर्व्हिल ट्रुडेलला चेहऱ्यापेक्षा बुटांवरून ओळखणारी माणसं मिशिगनमध्ये जास्त असतील. कुणाच्या ना कुणाच्या गाडीखालून त्याचे दोन तपकिरी बूट बाहेर आलेले असायचे. उरलेला ऑर्व्हिल आत पुठ्ठ्यावर उताणा पडून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात दात तपासायचा छोटा गोल आरसा धरून, लोखंडावरचे आकडे वाचत असायचा. बाहेर गाडीचा मालक उभा. डॉक्टर एक्स-रे बघत असताना माणूस जसा उगाच घसा खाकरतो, तसा खाकरत. आतून कधी "हं" यायचं, कधी "हं?" यायचं. पहिल्या 'हं'ने मालक दहा वर्षांनी तरुण व्हायचा. दुसऱ्या 'हं'ने मी एका पैलवानासारख्या माणसाला गॅरेजच्या पायरीवर मटकन बसताना पाहिलंय.

मी पाहिलंय, कारण आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढं कुंपण आहे आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे. खिडकी तिथे मी काढली नाही. पडदा मात्र मी लावला नाही, हे कबूल.

आमच्या गावातल्या कारखान्यातून साठच्या दशकाच्या शेवटी मोठ्या इंजिनाच्या, दोन दारांच्या गाड्या बाहेर पडायच्या. मसल कार. मॉडेलचं नाव सांगत नाही; सांगितलं की तिच्या भक्तांचे फोन येतात आणि ते तासभर फोन ठेवत नाहीत. तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची पोरं त्या विकत घ्यायची आणि वर्षाच्या आत झाडावर नेऊन घालायची. आता तीच पोरं गुडघे बदलून, केस घालवून, उरलेल्या गाड्यांच्या मागे लागलीत. आणि एवढे नवरे एकीच्या मागे लागले म्हटल्यावर तोतये आलेच. साध्या इंजिनाची गाडी घ्यायची, तिच्यात मोठं इंजिन बसवायचं, दुसऱ्या मेलेल्या गाडीची नंबराची पट्टी काढून हिला ठोकायची, की झाली खानदानी.

ऑर्व्हिल हे सोंग ओळखायचा, कारण त्या गाड्या जन्मत होत्या तेव्हा तो तिथेच उभा होता. गाड्या जुळवायच्या लाइनवरचा तपासनीस. सांगाडा समोर आला की जोड आणि भोकं बघायची आणि पिवळ्या मेणखडूने एक तिरकी रेघ मारायची, शेपटी वर. पुढे कारखाना बंद पडला, मग पाडला. आज तिथे गवत आहे आणि बदकं फिरतात. पण ऑर्व्हिलच्या डोक्यात तो चालूच होता. नंबराच्या पट्टीचे रिव्हेट बघून तो सांगायचा, "हे दुकानातले आहेत. आमच्या रिव्हेटला डोक्यावर सहा पाकळ्या असायच्या." इंजिन कधी ओतलं त्याची तारीख इंजिनावरच उठवलेली असते. केंटकीचा एक टोपीवाला एकदा फारच ताणून धरायला लागला, तेव्हा ऑर्व्हिल गाडीखालूनच म्हणाला, "तुमची गाडी मार्चमध्ये कारखान्याबाहेर पडली आणि इंजिन एप्रिलमध्ये ओतलं. मधला महिना ढकलत फिरवलीत का साहेब?"

एक गोष्ट तो प्रत्येकाला सांगायचा. प्रत्येक गाडीबरोबर लाइनवर एक कागद फिरायचा, त्यात तिचा नंबर आणि तिला काय काय बसवायचं ते छापलेलं. काम झालं की सीट बसवणारा तो कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये खुपसून द्यायचा, आणि चाळीस वर्षांनी लोक तो तिथून असा काढतात जणू पोथीच सापडली. "कागदावर भाळू नका," ऑर्व्हिल म्हणायचा. "कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळला तरच खरं. आणि गाडी हरणांच्या आठवड्यातली असेल तर कागद बघूच नका."

हरणांचा आठवडा आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा मोसम उघडतो आणि अर्ध्या कारखान्याला एकदम ताप यायचा. सगळे आजारी रानात. मग झाडूवाला सीट बसवतोय, सीटवाला दारं बसवतोय, आणि कुणाचा कागद कुणाच्या सीटमध्ये जातोय याला धरबंध नाही.

आता मुद्द्यावर येते. माझा नवरा म्हणायचा, डोरीन मुद्द्यावर यायला निघाली की वाटेत तीन घरं करून येते.

दोन हजार अकराचा फेब्रुवारी. ऑर्व्हिल अडुसष्टचा, त्याची बायको व्हर्ना सहासष्टची, आणि व्हर्नाच्या हृदयाची एक झडप अशी बिघडली होती की डॉक्टरांनी हात टेकले होते. व्हर्ना हात टेकणारी नव्हे. तिने दफनभूमीत दोघांची जागा पक्की केली, थडग्याचा दगड निवडला, पाथरवट ठरवला. बर्फ वितळून जमीन मऊ झाली की दगड बसणार. मी त्यांच्याकडे पत्ते खेळायला गेले होते, हातात क्वचित येतात अशी पानं आली होती, आणि तेवढ्यात व्हर्नाने विषय काढला. माझं नशीब हे असं.

"दोनच नावं," ती म्हणाली. "पाथरवटाला पुढच्या सोमवारी कळवायचंय. ऑर्व्हिल, व्हर्ना. संपलं."

"तीन," ऑर्व्हिल म्हणाला.

"तिला नाव नव्हतं."

"क्लॉडेट."

"इस्पितळाच्या कागदावर 'मुलगी, ट्रुडेल' एवढंच आहे. हे क्लॉडेट तू मला सहा महिन्यांनी सांगितलंस. आणि तेव्हा तुझ्या तोंडाला बिअरचा वास येत होता."

मी पानं उपडी ठेवली. या घरात एक मूल झालं होतं आणि तीन दिवसांत गेलं, एवढं माझ्या आईकडून ऐकलं होतं. त्या दोघांच्या तोंडून कधीच नाही. आणि बेचाळीस वर्षं शेजारी राहून मला जे कळलं नाही ते कुणालाच कळलं नसणार.

एकोणीसशे एकोणसत्तरचा नोव्हेंबर, हरणांच्या आठवड्यातला सोमवार. सकाळी दहाला फोरमनने ऑर्व्हिलला येऊन सांगितलं, मुलगी झाली. सुटी मागितली तर फोरमन म्हणाला, अर्धी लाइन रानात आहे, तुझ्या जागी मी काय हरीण उभं करू? मग ऑर्व्हिलने समोर आलेल्या पुढच्या सांगाड्यावर, जिथे मागची सीट टेकते त्या पत्र्यावर, मेणखडूने लिहिलं: क्लॉडेट ट्रुडेल, आज सकाळी, सहा पौंड. नाव त्यानेच ठरवलं, उभ्या उभ्या. सांगाडा पुढे सरकला. पुढच्या माणसाने वाचलं आणि त्याने त्याखाली काहीतरी लिहिलं. त्याच्या पुढच्याने आणखी. सीट बसून पत्रा झाकला जाईपर्यंत बावीस जणांनी लिहिलं, असं ऑर्व्हिल म्हणायचा. गाडी तशीच, पोटात तो मजकूर घेऊन, बाहेर पडली. व्हर्ना औषधांच्या गुंगीत होती. ती नीट शुद्धीवर आली तोवर मूल गेलेलं. दफनभूमीतल्या लहान मुलांच्या रांगेत सिमेंटची एक चकती आणि तिच्यावर आकडा, एवढंच.

"बावीस माणसांनी माझ्या पोरीचं स्वागत केलं म्हणतोस," व्हर्ना म्हणाली. ती ओरडत नव्हती, पत्ते गोळा करत होती. "मग त्यातला एकही घरी का नाही आला? एक कार्ड? एक भांडं मॅकरोनी? शेजारच्या घरात मांजर मेलं तरी लोक मॅकरोनी आणतात."

"काय तोंडाने येणार होते, व्हर्ना? त्यांनी सोमवारी हसत लिहिलं. गुरुवारी..."

"मला दाखव. एका माणसाचं अक्षर दाखव, मी तिसरं नाव कोरून घेते."

"ती गाडी गंजून गेली. तुला सांगितलंय मी."

"हो," व्हर्ना म्हणाली. "सांगितलंयस."

तेव्हा मला समजलं की हा माणूस एवढी वर्षं लोकांच्या गाड्यांखाली कशासाठी झोपत होता. तो ती गाडी शोधत होता. लाइनवर तिच्या कागदावर चारशे अठरा हा क्रमांक ठळक अक्षरांत होता, तो त्याच्या लक्षात राहिला होता. एक्क्याण्णव साली टोलीडोच्या एका भंगारवाल्याकडे त्याला एक सडका सांगाडा सापडला. छप्पर नाही, नंबराची पट्टी नाही, पत्र्याची चाळण झालेली. पण मागच्या सीटच्या स्प्रिंगांत उंदरांनी कुरतडलेला कागद: चारशे अठरा. ऑर्व्हिल म्हणाला, मिळाली आणि मेली. कागद पाकिटात घालून घरी आला आणि त्यानंतर त्याने शोधणं थांबवलं. गाड्या तपासणं चालू राहिलं. तोवर ती सवय झाली होती, आणि लोक घरी भाजलेला पायही आणून द्यायचे. सफरचंदाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मी अजून गाउनवर होते. ऑर्व्हिल उभा. एका हातात ते पाकीट, दुसऱ्या हातात जुनी वही, आणि चेहरा असा की मला वाटलं व्हर्नाच गेली.

"डोरीन, मला बे सिटीला ने. मोतीबिंदूमुळे हायवेवर नीट दिसत नाही."

"आधी आत या. काय झालं?"

"व्हर्नाला दाखवायला म्हणून हा कागद काढला," तो उभ्यानेच म्हणाला. "वीस वर्षांत पहिल्यांदा खालचा बारीक नंबर वाचला. वाचला आणि वाटलं, हा कुठेतरी पाहिलाय. मग वह्या काढल्या." त्याने वही उघडून माझ्या नाकासमोर धरली. दोन हजार तीन साल, बे सिटी, लायल हॉफ्नर, नारिंगी रंग. त्याखाली लोखंडावरचा नंबर. कागदावर तोच नंबर. शेवटचा आकडासुद्धा तोच.

"म्हणजे टोलीडोची ती गंजकी..."

"ती दुसरीच कुठली तरी. तिच्यात माझ्या गाडीचा कागद घातलेला. हरणांचा आठवडा."

मी काय बोलले असेन ते तुम्हाला कळलंच असेल. मी म्हणाले, "अहो ऑर्व्हिल, साऱ्या दुनियेला सांगत फिरता कागदावर भाळू नका म्हणून!"

"हं," तो म्हणाला.

हा कुठला 'हं' ते मला ओळखता आलं नाही.

गाडीत बसल्यावर मी त्याला हसवायचा प्रयत्न केला. म्हटलं, गाडी धडधाकट आहे, मालक जिवंत आहे, तुमच्या व्हर्नाला आता दगडावर बावीस जणांची नावं कोरून घ्यावी लागणार, पाथरवट श्रीमंत होणार. तो खिडकीबाहेर बघत होता. वाटेतलं सॅगिनॉ शहर मागे पडल्यावर म्हणाला, "त्या दिवशी मी स्वतः मागच्या सीटमागे डोकावलो नाही."

"का?"

"गरज नव्हती. नंबर जुळत होते, एक्सल बरोबर होता. मालकाने सीटमधला कागद काढून दाखवला, तो दुसऱ्याच गाडीचा निघाला, तर मी त्याला म्हटलं, काळजी करू नका, हरणांच्या आठवड्यातली आहे, लोखंड खरं आहे." मग म्हणाला, "मी तिच्याखाली दोन तास झोपलो होतो, डोरीन."

लायल हॉफ्नर हा गालिच्यांचं दुकान विकून निवृत्त झालेला, गुलाबी गालांचा, उत्साहाने फुगलेला माणूस. त्याच्या गॅरेजची फरशी माझ्या जेवणाच्या टेबलापेक्षा स्वच्छ होती. आम्हाला बघून त्याला एवढा आनंद झाला की मलाच वाईट वाटायला लागलं.

"मिस्टर ट्रुडेल! गाडी खरी असल्याचा तुमचा तो दाखला चौकट करून लावलाय, बघा! या, या. डोनट घ्या. बाई, तुम्हीपण घ्या. गेल्या वर्षी डेट्रॉइटच्या प्रदर्शनात हजारपैकी नऊशे ब्याण्णव गुण पडले हिला!"

नारिंगी गाडी मधोमध उभी होती. तिला नवीन म्हणावं तर नवीन गाडी इतकी नवीन नसते.

"मागची सीट काढता?" ऑर्व्हिल म्हणाला.

"त्यासाठीच आलात? अहो, तेच तर बघण्यासारखं आहे!" लायलने हातमोजे घातले, खालची गादी गुडघ्याने दाबून सोडवली, पाठ उचलून बाहेर काढली. पाच मिनिटंही लागली नाहीत. "बघा! कारखान्यात जसं होतं तसं. राखाडी अस्तर-रंग, वरून काळा फवारा अर्धवट मारलेला, इथे हे दोन ओघळ. हे ओघळ मी ब्रशने काढलेत, तीन वेळा चुकले. आणि ही बघा, तुमची खूण! तुम्हीच मला कागदावर काढून दाखवली होती, शेपटी वर."

पिवळी तिरकी रेघ. शेपटी वर. बाकी पत्रा कोरा.

ऑर्व्हिलने पत्र्यावर पंजा ठेवला. "इथे काही लिहिलेलं होतं का?"

"होतं की! मेणखडूने. पोरांनी भिंत रंगवावी तसं. आठवत नाही का? तुम्ही गाडीखाली होता, मी सीट काढली आणि तुम्हाला विचारलं, इथे कामगारांनी खरडून ठेवलंय, राहू दे का? तुम्ही खालूनच म्हणालात, ते कारखान्याचं काम नाही, परीक्षक गुण कापतात, पुसून टाका." लायल आनंदाने माझ्याकडे वळला. "दोन संध्याकाळी थिनरने घासत होतो. मग सगळी बॉडीच ॲसिडच्या टाकीत बुडवून आणली. एकसुद्धा गुण कापला नाही त्याबद्दल!"

माझ्या हातात डोनट होतं. ते कुठे ठेवावं कळेना. मी ते कोटाच्या खिशात ठेवलं.

"काय लिहिलं होतं?" ऑर्व्हिलने विचारलं.

"छे, आता कुठलं आठवायला. नावं असतील. एखादा चावट विनोद असेल, असतातच."

"फोटो?"

फोटो होते. जाडजूड अल्बम होता. रिव्हेट होते, एक्सल होता, लोखंडावरचा नंबर चार बाजूंनी होता. मागच्या पत्र्याचाही एक होता, चकचकीत, खाली लायलच्या हातचं लिहिलेलं: 'साफ केल्यावर'. आधीचा नव्हता. खरडलेल्यावर फिल्मचा रोल कोण फुकट घालवतो, असं लायल म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं.

तरी ऑर्व्हिल आत शिरला. टॉर्च आणि आरसा घेऊन त्या पत्र्यावर नाक टेकून पाऊण तास वाचत राहिला. कधीकधी रंगाखाली मेणाचा डाग उमटतो म्हणे. ॲसिडमधून आलेल्या पत्र्यावर नाही उमटत, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. या वेळी बाहेर उभं राहून घसा खाकरण्याची पाळी माझी होती. शेवटी मीच लायलला एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचे गुलाबी गाल पांढरे पडले.

भला माणूस. ऑर्व्हिल बाहेर आला तसा तो म्हणाला, "मिस्टर ट्रुडेल, मी तुमच्या पत्नीला फोन करतो. मी सांगतो, मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. क्लॉडेट ना? आणि खाली काय होतं ते तुम्ही सांगा, मी तसंच सांगतो. लिहूनसुद्धा देतो."

ऑर्व्हिलच्या जागी मी असते तर तिथेच त्याच्या गळ्यात पडले असते.

ऑर्व्हिल म्हणाला, "तुम्ही वाचलं होतंत?"

"नाही. पण..."

"मग नको." त्याने टोपी घातली. "हे असेच दाखले तयार होतात, मिस्टर हॉफ्नर. माझं सगळं आयुष्य ते फाडण्यात गेलं."

परत येताना मी एक शब्द बोलले नाही. हे मी मुद्दाम नमूद करते, कारण आमच्या रस्त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

व्हर्ना स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी दारातूनच सटकणार होते, पण ऑर्व्हिलने माझ्या कोटाची बाही धरली, तेव्हा मीही आत गेले. त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"गाडी मिळाली. लिहिलेलं होतं. मालकाने आठ वर्षांपूर्वी पुसलं. मीच सांगितलं होतं त्याला पुसायला."

व्हर्नाची सुरी थांबली. मग तिने जे केलं त्याची मला कल्पना नव्हती. तिने ॲप्रनला हात पुसले आणि त्याच्यासमोर बसली.

"तुला बनवून सांगायचं असतं," ती हळू म्हणाली, "तर तू त्यात स्वतःला नसतं घातलंस."



"कोण कोण होतं? बावीस नकोत मला. आठवतील तेवढी सांग. काय लिहिलं होतं तेही."

"एमिल वार्गो," ऑर्व्हिल म्हणाला. "माझ्या पुढचाच. त्याने लिहिलं, बापाच्या नाकावर जाऊ नकोस."

व्हर्ना हसली. मी तिला त्या घरात एवढ्या सहज हसताना कधी पाहिलं नव्हतं. तिने एक बोट वर केलं.

"ल्यूथर गेन्स. 'ये बाई, जागा करून ठेवलीय.' मग दोघे भाऊ, ब्रोडी आणि दुसरा तो तोतरा, व्हर्नन. त्यांनी बाटलीचं चित्र काढलं होतं, दुधाच्या. मग टेकला ओस्मन्स्की, शिवणखात्यातून सीटचं कापड घेऊन आली होती, तिने पोलिशमध्ये काहीतरी लिहिलं. देवाचं काहीतरी."

व्हर्ना बोटं मोजत होती. पाच. सहा. एका हाताची संपली, दुसऱ्याची चालू होती. तिच्या गालांवर रंग आला होता. सातवा, आठवा. नववा बराच वेळ घेऊन आला. मग ऑर्व्हिल अडला. त्याचे ओठ हलत होते, पण नाव येत नव्हतं. व्हर्ना नऊ बोटं वर धरून वाट बघत होती, आणि एक बोट राहिलं होतं.

"आणखी?" ती म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली.

ऑर्व्हिलने खोलीभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"आणि हिचा बाप," तो म्हणाला. "रे. त्याने लिहिलं, 'आमची डोरीन हिला खेळायला नेईल.'"

माझं तोंड. मला कुणी थांबवायला हवं होतं, पण त्याआधीच मी हसून बसले होते.

"आमचे बाबा? अहो, ते तर फाउंड्रीत होते, लोखंड ओतायला, नदीपलीकडे! जन्मात तुमच्या इमारतीत पाऊल टाकलं नाही त्यांनी. तिथली कॉफी म्हणजे मोजे उकळलेलं पाणी, असं म्हणायचे!"

मग मी गप्प झाले. तेव्हा गप्प व्हायचा काहीच उपयोग नव्हता.

व्हर्नाने हात खाली घेतले. मांडीवर एकावर एक ठेवले. ऑर्व्हिल टेबलावरच्या बटाट्यांच्या सालींकडे बघत होता. एक नाव मी जागच्या जागी पाडलं होतं, आणि बाकीची नऊ त्याच्याबरोबर कशी गेली ते मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. एक रिव्हेट दुकानातला निघाला की गाडी कुणी पुढे बघत नाही.

"व्हर्ना," तो म्हणाला, "ते एकच. बाकी सगळे होते."

"असतील," व्हर्ना म्हणाली. तिने सुरी उचलली. "डोरीन, जेवून जाणार आहेस का?"

मी नाही म्हटलं.

दगड मे महिन्यात बसला. दोन नावं. पाथरवटाने काम सुबक केलंय, त्याला बोल लावायला जागा नाही. व्हर्ना ऑगस्टमध्ये गेली. तोवरच्या सहा महिन्यांत तिने तो विषय पुन्हा काढला नाही, ऑर्व्हिलनेही नाही. दोघं संध्याकाळी पुढच्या पडवीत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करायचे.

गाडीवाले अजून फोन करतात. ऑर्व्हिल सांगतो, डोळे गेले, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. डोळ्यांचं ऑपरेशन मी स्वतः त्याला नेऊन करून आणलंय. त्याला आता माझ्या खिडकीतून मी काय शिजवते तेसुद्धा दिसतं.

परवा मी कुंपणाशी त्याला गाठलं. त्या दिवसाबद्दल माफी मागायला हा माझा चौथा का पाचवा प्रयत्न.

"तू खरं तेच बोललीस," तो म्हणाला. "रे फाउंड्रीत होता. मला माहीत होतं."

"पण बाकीचे नऊ..."

"मी रोज म्हणून बघतो ती नावं. ल्यूथरचा पाय त्याच हिवाळ्यात मोडला होता. तो दोन महिने घरी होता. नोव्हेंबर-डिसेंबर की जानेवारी-फेब्रुवारी, ते काही केल्या आठवत नाही." त्याने कुंपणाच्या फळीवरून नखाने रंगाचा एक पापुद्रा काढला. "आणि ती टेकला. ती त्या वर्षी आली की पुढच्या? दुधाच्या बाटलीचं चित्र काढलं होतं ते आमच्याच गाडीवर, की दुसऱ्या कुणाचं बाळ होतं तेव्हा? लाइनवर बाळं पुष्कळ व्हायची."

"तुम्ही स्वतः तर लिहिलं होतंत ना," मी म्हणाले. "क्लॉडेट. सहा पौंड."

"लिहिलं होतं का, डोरीन?"

"लिहिलं होतंत. नक्की."

"तू होतीस तिथे?"

मी तेव्हा बारा वर्षांची होते, शाळेत होते. 

"नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, पापुद्रा गवतात टाकला आणि आत गेला.